बुडबुड्यांचं वजन

१७३९ साली ब्रिटनच्या पार्लमेंटने कायदा करून एका बाईकडून औषधाची कृती विकत घेतली. बाईचं नाव जोआना स्टीफन्स, रोग मुतखडा आणि किंमत ५,००० पौंड. मुतखड्यावर तेव्हा दुसरा इलाज एकच होता, शस्त्रक्रिया. भूल देण्याची सोय नव्हती. रोग्याला घट्ट धरून ठेवायचं आणि मूत्राशयापर्यंत सुरी घालून खडा ओढून काढायचा. कित्येक जण त्यातून उठतच नसत. म्हणून स्टीफन्सबाईंच्या औषधाने खडा पोटातल्या पोटात विरघळतो अशी बातमी पसरताच लोकांनी वर्गणी जमवली. ती पुरेना तेव्हा सरकारी तिजोरीतून पैसे दिले गेले आणि कृती 'लंडन गॅझेट'मध्ये छापून आली. अंड्याची टरफलं आणि बागेतल्या गोगलगायी शंखांसकट भाजून केलेली पूड, साबण, मध, काही रानटी रोपांच्या बिया आणि फळं, असा तो मसाला होता.

वाचून हसू येतं, पण हसण्यासारखं त्यात फारसं काही नाही. अंड्याचं टरफल काय, गोगलगायीचा शंख काय, दोन्ही मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. ते कडक भाजलं की चुना होतो. चुना कातडी खातो, चरबी खातो, मग खडाही खाईल, ही आशा त्या काळच्या ज्ञानाला धरून होती. मुतखडे अनेक जातींचे असतात हे कुणाला ठाऊक नव्हतं. युरिक आम्लाच्या खड्यावर अशा औषधाचा थोडाफार परिणाम होऊ शकतो, ऑक्झलेटच्या खड्यावर होत नाही. म्हणूनच काही जण बरे झाल्याचं शपथेवर सांगत आणि बाकीचे तसेच तळमळत राहत.

या औषधाने स्कॉटलंडमधल्या एडिंबरा विद्यापीठात एक वाद पेटला. गोगलगायी आणि मध बाजूला ठेवले तर खरं काम चुन्याचं, हे वैद्यकाच्या प्राध्यापकांनी ओळखलं आणि रोग्यांना चुन्याची निवळी पाजायला सुरुवात केली. पण चुना कशाचा? रॉबर्ट व्हाइट म्हणे, कालवांच्या शिंपल्यांचा चुना जास्त गुणकारी. चार्ल्स ऑल्स्टन म्हणे, दगडाचा चुना कशातही उणा नाही. दोघे एकाच विद्यापीठात शिकवत आणि दोघे आपापलं म्हणणं छापून मोकळे झालेले.

अशा वेळी, १७५२ साली, जोसेफ ब्लॅक नावाचा चोवीस वर्षांचा विद्यार्थी वैद्यकाची पदवी घ्यायला एडिंबरात आला. जन्म फ्रान्समधल्या बोर्दोचा, बाप दारूचा व्यापारी, घराणं मूळचं स्कॉटिश. ग्लासगोत तो विल्यम कलनकडे रसायन शिकला होता आणि कलनने त्याला आपल्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून घेतलं होतं. मुतखडा विरघळवणारं औषध शोधायचं हा त्याचाही विचार. पण चुन्यावर प्रबंध लिहिला तर दोन प्राध्यापकांपैकी एक तरी दुखावणार आणि परीक्षा घ्यायला तेच बसणार. म्हणून ब्लॅकने चुन्याच्या शेजारचा एक पदार्थ निवडला, मॅग्नेशिया अल्बा. एप्समच्या मिठाच्या द्रावणात लाकडाच्या राखेतून काढलेला क्षार घातला की तळाशी बसणारी ही पांढरी पूड. पोटात आम्लता झाली की वैद्य ती देत आणि तिने जुलाबही होत. आजच्या भाषेत ते मॅग्नेशियम कार्बोनेट.

सावध विद्यार्थ्याने वाद टाळण्यासाठी केलेली ही निवड. विज्ञानाच्या इतिहासात इतकी फळलेली दुसरी सावधगिरी मला आठवत नाही.

ब्लॅकला काय दिसलं ते कळायचं तर त्याआधी लोक काय मानत होते ते पाहावं लागेल. चुन्याची भट्टी हा मानवाच्या सर्वांत जुन्या धंद्यांपैकी एक. आपल्याकडेही कोकणात शिंपल्यांचा आणि देशावर चुनखडीच्या खड्यांचा चुना भाजत आले. भट्टीतून निघालेली कळी मूळ दगडाहून हलकी असते, पाणी घातलं की फुत्कारते, हाताला भाजते, हे भट्टीवाल्याला कुणी शिकवावं लागत नसे. युरोपातल्या पंडितांकडे त्याचं उत्तर तयार होतं. दगड निरुपद्रवी, भट्टीत गेल्यावर दाहक होतो. तेव्हा त्याने भट्टीतून काहीतरी घेतलं असणार आणि ते म्हणजे अग्नीचे कण. साबण करणारे राखेच्या क्षारात चुना घालून त्याला तिखट करत, त्याचंही उत्तर हेच, की चुन्यातला अग्नी क्षारात उतरला. सगळं कसं जुळत होतं. फक्त एक गोष्ट जुळत नव्हती. अग्नी आत शिरला, तर वजन कमी का झालं?

दुसरीकडे फसफसणं. चुनखडीवर, संगमरवरावर, शिंपल्यावर आम्ल पडलं की ती उसळते हेही फार जुनं ज्ञान. बहुतेकांच्या लेखी ते आम्ल आणि क्षार यांचं भांडण होतं, त्यात आवाज होणारच. सतराव्या शतकात व्हान हेल्मॉन्ट या रसायनज्ञाने लिहून ठेवलं, की या उसळीत एक वायू सुटतो आणि कोळसा जाळताना, दारू आंबताना सुटतो तोही तोच. मग इंग्लंडमधला पाद्री स्टीफन हेल्स आला. त्याने १७२७ साली छापलेल्या पुस्तकात झाडं, हाडं, दगड, अगदी माणसाचे मुतखडेसुद्धा तापवून त्यातून किती 'हवा' निघते ते मोजलं. स्टीफन्सबाईंच्या औषधाची पारख करणाऱ्या विश्वस्तांमध्येही तो होताच. पदार्थांत हवा घट्ट बसून राहू शकते, हे त्याने दाखवलं. पण निघालेली प्रत्येक हवा त्याच्या लेखी एकच, आपण श्वासात घेतो ती. किती निघाली हे त्याने विचारलं. कोणती निघाली हे विचारायचं राहिलं.

आता ब्लॅकच्या टेबलाकडे येऊ. मॅग्नेशिया अल्बावर आम्ल टाकलं की ती जोरात फसफसते. त्याने एक औंस पूड मुशीत घालून तांबं वितळेल इतक्या आचेवर तासभर ठेवली. बाहेर काढली तेव्हा वजन बारा भागांतले सात भाग उतरलं होतं. आणि या भाजलेल्या पुडीवर आम्ल टाकलं तर ती विरघळली, पण फसफसली नाही. म्हणजे उसळीत जे बाहेर पडतं ते भट्टीत आधीच निघून गेलं होतं. काय गेलं असावं? पाणी? त्याने तीन औंस मॅग्नेशिया काचेच्या बकपात्रात तापवून वाफ गोळा केली. हाती आलं जेमतेम पाच ड्रॅम (आठ ड्रॅमचा एक औंस) पांढुरकं पाणी आणि इतक्याने घट भरून निघत नव्हती. ब्लॅकने हेल्स वाचला होता. उरलेलं गेलं ते हवेच्या रूपाने, असा त्याने निष्कर्ष काढला.

निष्कर्ष काढणारे पुष्कळ असतात. ब्लॅकचं मोठेपण पुढच्या पायरीत आहे. गेलेली वस्तू परत आणून दाखवायचं त्याने ठरवलं. १२० ग्रेन मॅग्नेशिया भाजली, ५२ ग्रेन उरली. ग्रेन म्हणजे एका ग्रॅमचा साधारण पंधरावा भाग, तेव्हा ही सगळी कामं चिमूटभर मालावर चालली होती. ही ५२ ग्रेन पूड गंधकाच्या आम्लात विरघळवली आणि त्यात राखेचा साधा क्षार घातला. तळाशी पुन्हा पांढरी पूड बसली. ती धुतली, वाळवली, तोलली, ११० ग्रेन भरली. आणि ती पुन्हा पहिल्यासारखी फसफसू लागली. भट्टीने नेलेली हवा क्षाराने परत दिली होती. हवा हा पदार्थ एका वस्तूतून दुसऱ्या वस्तूत, हवेच्या रूपात दिसल्यावाचून, घट्टच्या घट्ट जाऊ शकतो, आणि तो गेला-आला हे तराजू सांगतो.

पदवीचा प्रबंध १७५४ साली लॅटिनमध्ये सादर झाला. अन्नातून पोटात निर्माण होणारं आम्ल आणि मॅग्नेशिया अल्बा, असा त्याचा विषय. परीक्षा पार पडली आणि मग ब्लॅक बिनधास्त चुन्याकडे वळला. जून १७५५मध्ये त्याने एडिंबराच्या फिलॉसॉफिकल सोसायटीत निबंध वाचला आणि तो १७५६ साली छापला गेला. त्यातले चुन्याचे आकडे सावकाश वाचावेत असे आहेत.

त्याने १२० ग्रेन खडू घेतला, शाळेच्या फळ्यावरचा नव्हे, नैसर्गिक खडू, म्हणजे मऊ चुनखडी. त्यात पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल थेंब थेंब घातलं. खडू पुरता विरघळायला ४२१ ग्रेन आम्ल लागलं आणि उसळीत ४८ ग्रेन वजन उडून गेलं. मग दुसरा १२० ग्रेन खडू भाजून त्याचा चुना केला आणि त्यावर तेच आम्ल घातलं. लागलं ४१४ ग्रेन, फसफस नाही. ४२१ आणि ४१४, फरक नगण्य. म्हणजे आम्लाला शांत करणारा ऐवज खडूतही तेवढाच आणि चुन्यातही तेवढाच. भट्टीने त्यात काही घातलेलं नाही, फक्त वर बसलेली हवा काढून घेतली आहे.

तिसरा तोल असा. १२० ग्रेन खडूची कळी ६८ ग्रेन भरली. ती त्याने राखेच्या क्षाराच्या पाण्यात टाकली, थोडी मुरू दिली, धुऊन वाळवून पुन्हा तोलली. ११८ ग्रेन. चुन्याने क्षारातली हवा ओढून घेतली, स्वतः पुन्हा खडू झाला आणि क्षार तिखट होऊन उरला. साबणवाल्यांचं हजारो वर्षांचं कोडं एका वजनात सुटलं. क्षारात अग्नी उतरतच नाही, क्षाराची हवा चुना नेतो. चुना दाहक आहे कारण तो रिकामा झालेला आहे. जुन्या सिद्धांताची दिशाच उलटी होती.

आजच्या हिशोबाने पाहा. शुद्ध कॅल्शियम कार्बोनेटमध्ये वजनाने ४४ टक्के कार्बन डायऑक्साइड असतो. १२० ग्रेनमधून ५२.८ ग्रेन जायला हवा आणि ६७.२ ग्रेन चुना उरायला हवा. ब्लॅकला ६८ मिळाला. त्याचा तराजू, त्याचा खडू, त्याची कोळशाची भट्टी, आणि चूक एका ग्रेनपेक्षा कमी! आम्लाच्या प्रयोगात ५२ ऐवजी ४८ आले त्याचंही कारण सरळ आहे. हा वायू पाण्यात बऱ्यापैकी विरघळतो, तेव्हा थोडा भांड्यातल्या पाण्यातच राहिला.

आपण आता हे असं सांगतो. आम्लातला हायड्रोजनचा आयन कार्बोनेटला चिकटतो, त्यातून कार्बोनिक आम्ल बनतं, ते दुबळं आणि अस्थिर असल्याने लगेच फुटतं. पाणी खाली राहतं, कार्बन डायऑक्साइड वर येतो. खनिज कोणतं आणि आम्ल कोणतं यावर बाकीचा तपशील ठरतो. कॅल्साइट थंड पातळ आम्लातही उसळतं. डोलोमाइटला मात्र पूड करून डिवचावं लागतं किंवा आम्ल गरम करावं लागतं. संगमरवराच्या खड्यावर गंधकाम्ल घातलं तर उसळी लवकरच मंदावते, कारण खड्यावर जिप्समची कातडी धरते आणि आतला दगड आम्लापासून झाकला जातो. या शब्दांपैकी एकही ब्लॅकजवळ नव्हता. अणू, आयन, ऑक्सिजन, काहीच नाही. होता तो जमाखर्च, एखाद्या चोख पेढीवाल्याच्या वहीसारखा. एका पानावर जे घटलं ते दुसऱ्या पानावर जमा दिसलंच पाहिजे.

या हवेला त्याने हेल्सच्या धर्तीवर 'स्थिर हवा' म्हटलं. पण हेल्सला न पडलेला प्रश्न त्याला पडला, ही हवा कोणती? जानेवारी १७५४मध्येच त्याने कलनला पत्र लिहून कळवलं होतं, की उंच काचपात्रात खडू आणि गंधकाम्ल एकत्र केलं तर वरून सांडणाऱ्या वाफेने जवळ ठेवलेली मेणबत्ती विझते आणि जळता कागद आत धरला तर पाण्यात बुडवल्यासारखा विझतो. चुन्याची निवळी उघडी ठेवली की तिच्यावर पापुद्रा धरतो. मग तिने हवा घेतली म्हणावं, तर कोणत्याही पाण्यात साधी हवा विरघळलेली असतेच. ब्लॅकने साधं पाणी आणि निवळी दोन्ही निर्वात पंपाखाली ठेवली. दोन्हींतून सारखीच हवा सुटली. याचा अर्थ निवळीला साधी हवा नकोच आहे, साध्या हवेत मिसळलेली एक निराळी, थोडीशी हवा तेवढी ती वेचून घेते. वातावरण एकजिनसी नाही, त्यात वेगवेगळ्या हवा आहेत, हे प्रयोगाने सिद्ध झालेलं पहिलं विधान. निवळी दुधाळ होते ही खूण हाती आल्यावर पुढचं सोपं होतं. १७५७च्या सुमारास त्याने नळीने निवळीत श्वास फुंकला, ती दुधाळ झाली. आंबणाऱ्या दारूवरची हवा, जळत्या कोळशाची हवा, सगळ्यांनी निवळी पांढरी केली. दगडात कोंडलेली वस्तू माणसाच्या छातीतून प्रत्येक श्वासाबरोबर बाहेर पडत होती.

विरोध झालाच. ओस्नाब्रुकचा औषधविक्रेता योहान फ्रीडरिख मायर याने १७६४ साली जाडजूड ग्रंथ लिहून सांगितलं, की भट्टीत चुना एक 'स्निग्ध आम्ल' शोषतो आणि त्याच्यामुळे दाहक होतो. जुनाच अग्नी, नव्या कपड्यांत. जर्मनीत त्याला पुष्कळ अनुयायी मिळाले. व्हिएन्नाचा शास्त्रज्ञ जाकॅन याने ब्लॅकची बाजू घेतली. पॅरिसमध्ये रसायनज्ञ लाव्हाझिएने दोन्ही पक्ष तपासले, ब्लॅकचे प्रयोग स्वतः करून पाहिले आणि १७७४च्या आपल्या पुस्तकात त्यांची सविस्तर मांडणी केली. मायरचं स्निग्ध आम्ल कुणालाच कधी तोलता आलं नाही. एवढंच त्याच्याविरुद्ध पुरेसं होतं.

पुढची वाट भराभर चालून जाण्यासारखी आहे. १७६६ साली हेन्री कॅव्हेंडिशने संगमरवर आम्लात विरघळवून ही हवा साठवली आणि ती साध्या हवेच्या दीडपटीहून थोडी जड असल्याचं मोजलं. लीड्समध्ये दारूच्या कारखान्याशेजारी राहणाऱ्या जोसेफ प्रीस्टलीने तीच हवा पाण्यात घोळवली आणि १७७२ साली छोटं पुस्तक काढलं. खडूची पूड आणि गंधकाम्ल यांपासून घरच्या घरी सोडावॉटर कसं करायचं ते त्यात होतं. दर्यावर्दींच्या स्कर्व्हीवर हा उपाय होईल असं त्याला वाटलं. तो झाला नाही, पण सोडावॉटर राहिलं. आणि ही हवा म्हणजे कार्बन आणि ऑक्सिजन यांचं संयुग, हे शेवटी लाव्हाझिएने दाखवलं.

एक प्रकरण मात्र घाईने सोडवत नाही. एडिंबरात ब्लॅकचा जिवलग मित्र होता जेम्स हटन, आधुनिक भूविज्ञानाचा जनक. मार्च १७८५मध्ये हटन आजारी असल्याने त्याच्या 'पृथ्वीच्या सिद्धांता'चा पहिला भाग सभेत ब्लॅकनेच वाचून दाखवला होता. हटनचं म्हणणं, की समुद्रतळाचा गाळ पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेने घट्ट होऊन खडक बनतो. विरोधकांनी आक्षेप घेतला तो थेट ब्लॅकच्या निबंधातला. चुनखडी तापली तर हवा जाईल आणि चुना उरेल, मग डोंगरच्या डोंगर चुनखडीचे कसे? हटनने उत्तर दिलं, खोलवर दाब इतका असतो की हवेला निसटायला वाट नाही. सिद्ध कोण करणार? मुशीत डोकावून पृथ्वीच्या उलाढालींचा न्याय करणं हटनला मुळीच पसंत नव्हतं. त्याचा तरुण मित्र सर जेम्स हॉल हटनच्या हयातीत आदराने थांबला. १७९७मध्ये हटन गेला आणि पुढल्या वर्षी हॉल कामाला लागला. बंदुकीच्या नळ्यांत खडूची पूड ठासून, तोंडं बंद करून त्या भट्टीत लाल करायच्या. काही फुटल्या. १८०५पर्यंत त्याने पाचशेहून जास्त प्रयोग केले. जिथे नळी टिकली तिथे आत सापडला तो चुना नव्हता, संगमरवरासारखा कणीदार, टणक दगड होता, आणि आम्लात तो खडूसारखाच उसळत होता. ब्लॅकच्या नियमाला ब्लॅकच्याच मित्राने दाबाची जोड दिली होती.

ते पाहायला ब्लॅक नव्हता. तो १७९९मध्येच गेला. चुन्यावरच्या निबंधानंतर त्याने फारसं काही छापलं नाही. ग्लासगोत त्याने अप्रकट उष्मा शोधला, तोही वर्गात शिकवून मोकळा झाला. त्याची व्याख्यानं १८०३ साली शिष्याने संपादून प्रसिद्ध केली. या मौनाने त्याचं नुकसान केलं. रसायनात तराजू आणला लाव्हाझिएने, असं आपण पाठ करतो. लाव्हाझिएची थोरवी मला मान्यच आहे. पण तो लहान मुलगा असताना एडिंबरात एका माणसाने ६८ ग्रेन चुना तोलून हवेचा हिशोब पुरा केला होता. या शास्त्रात मोजून बोलण्याची सुरुवात तिथून धरली पाहिजे.

महाराष्ट्रात ब्लॅकचा प्रयोग रोज होतो. दख्खनच्या बेसाल्टमधल्या पोकळ्यांत कॅल्साइट, क्वार्ट्झ आणि झिओलाइटचे स्फटिक शेजारीशेजारी सापडतात, आणि भूविज्ञानाचे विद्यार्थी पातळ आम्लाचा थेंब टाकून कॅल्साइट ओळखतात. शाळेतही चुन्याची निवळी दुधाळ करून दाखवतात आणि तिथेच थांबतात. विज्ञानाच्या शिक्षकांना माझी विनंती आहे, त्या चंचुपात्राखाली एकदा वजनकाटा ठेवा. दहा ग्रॅम संगमरवराचे तुकडे, पुरेसं पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल आणि शिंतोडे उडू नयेत म्हणून पात्राच्या तोंडाशी सैलसर कापूस. उसळी सुरू झाली की आकडा उतरत जाईल आणि ४.४ ग्रॅमच्या थोडा अलीकडे थांबेल. तो थोडा अलीकडे का थांबला, हे मुलांनाच शोधू द्या.